बाबांची पाठ

बाबांच्या गुडघ्यांना मलम चोळताना तो झणझणीत वास आला, की मी मनाने आमच्या रांझीच्या मैदानावर पोचते. परदेशातल्या माझ्या पहिल्या अडथळा शर्यतीआधीचा शेवटचा सराव होता. फॅक्टरीतून सुटून सायकलवर आलेल्या बाबांनी माझ्या नडगीला मलम चोळलं आणि ते अडथळ्यांकडे चक्क पाठ करून उभे राहिले.

"बाबा, पाहत काहून नाही?" मी चिडले.

"तू पळ बेटा. मी ऐकून राहिलो."

पुढे कितीतरी देशांत धावले, पण ती पाठ मनात सलत राहिली.

आता बाबा रोज सकाळी बाथरूमचा उंबरा एकटेच ओलांडतात, हात धरू देत नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि त्यांचं दुसरं पाऊल टेकल्याचं ऐकू येईपर्यंत श्वास सोडत नाही.