टपाच्या नळीतलं खोबरेल

मोटारीचा टप उचलणाऱ्या जुन्या सिलिंडरचं तोंड मोकळं झालं आणि माझ्या तळव्यावर पिवळट, मेणासारखा एक गोळा घसरला... खवट झालेला, कुबट, पण वास खोबऱ्याचाच. पासष्टाहून जास्त वर्षं लोखंडाच्या नळीत कोंडलेला तो वास नाकात शिरला, आणि रामनगरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पान्हा धरून बसलेला मी आठ वर्षांचा झालो.

ही मोटार आमच्या आप्पांची. म्हणजे मालकी लाकडाच्या व्यापारातल्या धन्यांची, पण चालवायचे आप्पा, पुसायचे आप्पा, तिच्याशी बोलायचेही आप्पाच. विलायती, फिकट निळी, वर कापडी टप. कळ दाबली की मागच्या सीटच्या पाठीमागं पंप घुमायचा, दोन्ही बाजूंचे सिलिंडर तेलाच्या जोरावर सावकाश लांब व्हायचे आणि टप बसल्या बैलासारखा आळस झाडत उठायचा. चामड्याच्या सीटचा, सागाच्या भुशाचा आणि आप्पांच्या विडीचा वास एकमेकांत मिसळलेला... तोच मला माझ्या बापाचा वास वाटायचा.

खंडेनवमीला आमच्या खोलीपुढं सगळं लोखंड पाटावर मांडलेलं असे — कोयता, कुऱ्हाड, विळी, ओंडके ओढायच्या साखळ्या. झेंडूचा उग्र गंध, ओल्या शेणाचा सडा. अव्वा, माझी आई, म्हणायची, "आज लोखंडाला उपाशी ठेवायचं न्हाई." वाटीतलं खोबरेल लावायचं काम माझं. त्या वर्षी सगळ्यांना तेल मिळालं, एकटी मोटार राहिली. आप्पा फुलं आणायला गेलेले. डिकी उघडी होती. टपाच्या तेलाची छोटी टाकी मी त्यांना भरताना पाहिली होती. झाकण काढलं. तेल खाली गेलेलं. मग चुलीशेजारचं तांब्याभर खोबरेल आणून काठोकाठ ओतलं, झाकण लावलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. त्या दिवशी माझ्याएवढा शहाणा जोयड्यात दुसरा नसावा.

दसरा गेला, दिवाळी गेली. मग थंडी पडली. धुक्यानं झाडं दिसत नव्हती अशा एका सकाळी धनी पाहुण्यांना घेऊन कुळगीच्या जंगलाकडं निघाले. आप्पांनी कळ दाबली. पंप कण्हला. टप अर्धा उठला, एका अंगाला कलला, आणि त्याच्या सांगाड्याची पट्टी कडकन वाकली. धन्यांनी टाकी उघडायला लावली. आत पांढरं, थिजलेलं खोबरेल.

"विलायती तेल विकलंस व्हय रे, आणि हे भरलंस?"

आप्पांनी टाकीत पाहिलं. मग पायरीवर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं... माझ्या हातांकडं.

"चूक माझीच हाय, धनी."

त्या आठवड्यात गाठोडी डोक्यावर घेऊन आम्ही आमच्या गावी, कुंभारवाड्याला परतलो. मोटार शेडमध्ये गेली ती तशीच. आप्पांनी पुढं आयुष्यभर ओंडके ओढले, स्टिअरिंगला हात लावला न्हाई. मला एका शब्दानं विचारलं न्हाई. फक्त दर खंडेनवमीला तेलाची वाटी स्वतः माझ्या हातात द्यायचे. "तू लाव," म्हणायचे. मी लावायचो. मान वर करायचो न्हाई.

आता धन्यांच्या नातीला ही मोटार रस्त्यावर आणायचीय. जुन्या गाड्यांची नाडी कळणारा इथं मीच, म्हणून मला बोलावलं. कुणाचा कोण, ते तिनं विचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. नवा पंप, नवे सिलिंडर, नव्या नळ्या, नवं तेल — सगळं पार्सलनं आलं. ती वाकून माझ्या तळव्यावरच्या गोळ्याचा वास घेत म्हणाली, "अज्जा, हे खोबरेल की हो. आमच्याकडं सांगायचेच, तो ड्रायव्हर चोर होता."

तिसरी शिकलेला माणूस मी, पण कुणापुढं मान तुकवली न्हाई. आणि आता नट आवळताना पान्हा तीनदा निसटला. मधेच उठून शेडबाहेर फेऱ्या मारल्या, परत बसलो. सिलिंडर चढले, नळ्या जोडल्या, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. कळ दाबली. टप उठला... तसाच, आळस झाडत.

ती हसली. मी हात पुसले.

"अक्का, तो ड्रायव्हर माझा बाप. तेल मी ओतलं होतं. आठ वर्षांचा होतो. पूजेचं तेल."

ती टपावरचा हात काढून माझ्याकडं वळली.

"एवढी वर्षं सांगितलं न्हाई कुणी?"

"त्यानं सांगितलं न्हाई, म्हणून मीपण न्हाई."

"मी घरात सांगते, अज्जा. सगळ्यांना." मग खाली बघत म्हणाली, "चालवून बघता?"

"ती जागा माझी न्हवं."

जुने सिलिंडर मागून घेतले. आज खंडेनवमी. सुनेनं पाट मांडलाय, त्यावर कोयत्याशेजारी तेही ठेवलेत, घासून, पुसून. वाटीत खोबरेल भरलंय. मी आत-बाहेर करतोय... वाटी हातात द्यायला कुणी न्हाई.