रीळ कुणाच्या पाठीवर होतं

लग्नात कोण रडलं, कोण रुसलं, कोणत्या काकांनी भर मंडपात जावयाला सुनावलं, हे सगळं ज्याला माहीत असतं आणि जो ते बाहेर फुटू देत नाही, अशा माणसाला गल्लीने कातऱ्या नाव ठेवलं होतं. कातऱ्या लग्नांचे व्हिडिओ कापायचा. शूटिंग कुणीही करो, कापायला सगळे त्याच्याकडेच यायचे. त्याच्या हातून गेलेल्या लग्नात कुणी खोकत नसे, अडखळत नसे, आणि नवरीच्या आईचं नाक लाल होत नसे. रडवेला झालेला आवाज तर तो लांबूनच ओळखायचा आणि शब्द फुटायच्या आत उडवायचा. "लोकांना आपण छान दिसलो एवढंच हवं असतं," असं तो म्हणायचा, आणि लग्नांपुरतं ते खरंही होतं. पंचाईत अशी की ज्याच्या हातात कात्री, त्याला सगळं जग कापडच वाटायला लागतं.

त्याच्या बाबांना सगळे तारवाले म्हणत. तरुणपणी ते फौजेत होते, टेलिफोनची तार टाकणाऱ्या तुकडीत. लढाई झाली तेव्हा पुढच्या ठाण्यापासून मागच्या ठाण्यापर्यंत तार ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. परत आल्यावर उरलेली सगळी नोकरी त्यांनी गावातले टेलिफोनचे खांब चढण्यात काढली, तीही एका लंगड्या पायाने. पायाला काय झालं असं कुणी विचारलं तर म्हणत, "घसरलो." लढाईचं विचारलं तर म्हणत, "थंडी फार होती." एवढ्यावर त्यांनी अख्खा संसार काढला. बायको गेली, तिलाही याहून जास्त ठाऊक नव्हतं.

मग एके दिवशी माजी सैनिकांच्या संघटनेचे चिटणीस घरी आले. म्हातारे एकेक करून चाललेत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या आणि सभागृहात सर्वांना दाखवायच्या, असं संघटनेनं ठरवलं होतं. "प्रत्येकी दहा मिनिटं. त्याहून लांबलं तर लोक चहाला उठतात," चिटणीस म्हणाले. कातऱ्याला वाटलं, बाबा आता "थंडी फार होती" म्हणून त्यांना वाटेला लावणार. पण बाबा बराच वेळ हाताच्या नखांकडे बघत बसले आणि म्हणाले, "सांगतो. पण माझा मुलगाच घेईल."

कातऱ्याला अभिमानाने आभाळ ठेंगणं झालं. मागच्या खोलीच्या खिडक्यांना त्याने गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, घड्याळाची टिकटिक नको म्हणून घड्याळ स्वयंपाकघरात नेलं. बाबांच्या शर्टाला चिमुकला माइक अडकवला. स्वतः कानावर हेडफोन चढवून समोर बसला आणि संगणकावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या-लाल पट्ट्यांवर डोळे लावले. कितीतरी दुपारी बाबा बोलत राहिले. पट्टी लाल झाली की तो बटण मागे फिरवायचा, फार खाली गेली की पुढे. मधेच बाबा थांबायचे आणि विचारायचे, "ऐकतोयस ना रे?" तो अंगठा वर करायचा. स्वतःचा आवाज रेकॉर्डमध्ये येऊ नये म्हणून.

आणि तो खरोखर ऐकत होता हो. खोकला ऐकत होता, खुर्चीची करकर ऐकत होता, लांबवर कुणाचा पंप सुरू झाला तेही ऐकत होता. फक्त बाबा काय सांगताहेत तेवढं राहिलं. ते नंतर कापताना ऐकू, असं त्याच्या मनात होतं. आणि कापताना तो जे ऐकायचा ते, वाक्य कुठे सुरू होतंय आणि कुठे संपतंय, एवढंच.

काम सोपं नव्हतं. बाबांना सरळ सांगता येत नव्हतं. त्यांच्या बोलण्यात सारखा कुणी ढब्बू यायचा. ढब्बू म्हणजे बरोबरचा शिपाई असणार, जाडजूड. ढब्बूचं नाव आलं की आधी बाबा हसायचे, मग आवाज फाटायचा, मग मोठी शांतता, मग खोकला. हे कातऱ्याच्या हाताला सवयीने कळायचं. डोकं लावायची गरजच नव्हती. शिवाय गंभीर कार्यक्रमात ढब्बू काय? लोक हसतील. त्याने ढब्बूला सगळीकडून काढलं. बाबांचं "ऐकतोयस ना रे?" सुद्धा प्रत्येक ठिकाणाहून काढलं. मग तुकडे जोडले, खाली हळू संगीत सोडलं, आणि दहा मिनिटांचा असा सुरेख व्हिडिओ झाला की चिटणीस म्हणाले, "अहो, हिरा आहे हिरा!" पसंती आली की मूळ रेकॉर्डिंग उडवून जागा मोकळी करायची, ही त्याच्या धंद्याची रीत. लग्नसराई तोंडावर होती. त्याने उडवलं.

बाबांना तो व्हिडिओ थेट सभागृहातच दाखवायचा, त्यांना चकित करायचं, असं त्याने ठरवलं होतं. मधल्या काळात बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून काही निघेना. घरातले म्हणाले, बरं झालं बाई, वेळेवर सगळं रेकॉर्ड करून ठेवलं. कातऱ्यानेही तेच म्हटलं, आणि म्हणताना त्याची मान थोडी ताठ झाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याने बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून पहिल्या रांगेत नेलं. शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. सडपातळ बांध्याच्या, हातात कापडी पिशवी, लांबचा प्रवास करून आल्याचं धुळीने भरलेल्या पायांवरून दिसत होतं. त्यांना पाहताच बाबांनी डावा हात कपाळाशी नेला.

"तू यांचा मुलगा ना?" बाईंनी कातऱ्याला विचारलं. "मला यांनी फोन केला होता, आजारी पडायच्या आधी. म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. आता सगळं मशीनमध्ये सांगून ठेवलंय, ऐकायला या. आमचे हे यांच्याबरोबरच होते. तिथेच गेले. सरकारकडून 'कर्तव्यावर असताना' एवढंच कळलं होतं." मग त्या जरा हसल्या. "आमच्या यांना सगळे ढब्बू म्हणायचे म्हणे तिकडे. घरी कुणी तसं म्हटलं असतं तर ताटावरून उठले असते."

कातऱ्या खुर्चीतून अर्धवट उठला. दिवे मालवले गेले होते. आता उठून काय सांगणार होता तो?

पडद्यावर बाबा आले. स्वच्छ, धीरगंभीर, एकही खोकला नाही. "तारेचं रीळ पाठीवर घेतलं," पडद्यावरचे बाबा म्हणाले, "आणि चढलो. वरून गोळ्या चालू होत्या. तार टाकत गेलो. खाली आलो तेव्हा लाइन चालू होती." खाली संगीत चढत गेलं. जिथे दोन माणसं होती तिथे एकच उरला होता, आणि सगळं त्यानेच केलं होतं. कातऱ्याने हा व्हिडिओ पन्नासदा पाहिला असेल. आज तो पहिल्यांदा ऐकत होता.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. चिटणिसांनी बाबांच्या खुर्चीचं तोंड लोकांकडे फिरवलं. बाबांनी डावा हात असा जोरजोरात हलवला की लोकांना वाटलं, अभिवादन करताहेत, आणि टाळ्या आणखी वाढल्या. ते नाही म्हणत होते. घशातून नुसता आवाज येत होता, आणि तोंड लाजेने काळंठिक्कर पडलं होतं. कातऱ्याला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

बाई शांतपणे पिशवी सावरत उठल्या. "मला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "आमच्या यांचं नाव कुठे आलं का रे?"

"नाही," कातऱ्या म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. संघटनेच्या विश्रांतिगृहात त्या रात्रीपुरत्या उतरल्या होत्या. उद्या दुपारची बस होती.

घरी आल्यावर बाबांनी त्याच्या हातून पाणी घेतलं नाही. सुनेच्या हातून घेतलं. कातऱ्या संगणकासमोर जाऊन बसला आणि उडवलेलं परत आणणारे जेवढे म्हणून उपाय होते ते करून पाहिले. त्या जागेवर केव्हाच दोन लग्नं आणि एक साखरपुडा चढला होता. बायको दाराशी येऊन उभी राहिली. "बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. "अहो, पण तुम्ही तर समोर बसून ऐकलंत ना सगळं? तुम्हीच सांगा की त्यांना."

हाच तर घाव होता. तो आठवायला बसला. कोणत्या वाक्यानंतर खोकला होता ते आठवलं, पट्टी कुठे लाल झाली ते आठवलं, शब्द एकही नाही.

एकच गोष्ट उरली होती, तीही धंद्याच्या सवयीने. दोन तुकडे जोडताना मधे अगदी निर्जीव शांतता येऊ नये म्हणून त्याच खोलीची शांतता खाली पसरावी लागते. ती तो दरवेळी वेगळी काढून ठेवायचा. बाबांच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात लांब शांतता त्याने अशीच उचलून ठेवली होती. एकदा ढब्बूचं नाव घेतल्यानंतरची.

सकाळी तो बाबांना घेऊन विश्रांतिगृहात गेला. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भिंतीवर खुंटीला बाईंची ओली साडी. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "काकू, काकांचं नाव होतं. खूपदा होतं. नाव घेतलं की बाबांचा आवाज फाटायचा, म्हणून मी कापलं. मूळचं उडवलं. आता एवढंच आहे." आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याने ती शांतता लावली.

बाई कान जवळ नेऊन ऐकू लागल्या. आधी काहीच नाही. मग खुर्चीची करकर. मग श्वास, नाकाने जोरात ओढलेला, थांबलेला, परत ओढलेला. बाईंनी कान आणखी जवळ नेला.

पण बाबांनी ती शांतता ओळखली. त्यांनी डाव्या हाताने कातऱ्याचा शर्ट धरून खाली ओढला. त्याला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. तो उचलायला पुढून वाकला, तर बाबांनी त्याच्या खांद्यावर चापट मारली आणि त्याला पाठमोरा वळवला. मग त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि सगळं अंग त्याच्या पाठीवर सोडून दिलं. कातऱ्या कसाबसा उभा राहिला. म्हाताऱ्याचं वजन एवढं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बाबांनी आपला लंगडा पाय त्याच्या कमरेवर आपटला, हा बघ, हा, असा दोनदा. मग हाताने पुढे दाखवलं. चल.

तो चालला. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून परत. बाबा कानाशी जोरजोरात श्वास घेत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी मूठ करून त्याच्या छातीवर मारली, एकदाच, आणि खाली रेटलं. कातऱ्या गुडघ्यांवर आला. बाबा त्याच्या अंगावरून सरकत फरशीवर बसले, आणि आपला तळहात त्याच्या पाठीवर पालथा ठेवून तसेच राहिले. तो त्यांनी उचललाच नाही.

"तुमच्या पायाला गोळी लागली," बाई हळूहळू म्हणाल्या, एकेक शब्द चाचपून बघत. "आमच्या यांनी तुम्हाला पाठीवर घेतलं. आणि वाटेत यांनाच लागली."

बाबांनी मान हलवली.

"आणि तुम्ही असेच बसून राहिलात? यांच्याजवळ?"

बाबांनी मान हलवली आणि डाव्या दंडात तोंड लपवलं. इतक्या वर्षांची लाज होती ती, दुसऱ्याच्या पाठीवर बसून जिवंत राहिल्याची. कालच्या टाळ्यांनी तिच्यावर आणखी एक थर चढवला होता.

बाई खाली बसल्या, फरशीवरच. त्यांनी बाबांच्या हाताला हात लावला. "मला वाटायचं, एकटेच पडून होते कुठेतरी," त्या म्हणाल्या. "भाऊजी, हे मला आधी का नाही हो सांगितलंत?" आणि मग त्या खूप वेळ रडल्या. लाल नाकाने, आवाज फाटून, मधे मधे थांबून. कातऱ्याने मान वर केली नाही.

लॅपटॉपवरची शांतता केव्हाच संपली होती. डोळे पुसून बाई कातऱ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती आशा होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"जाताना काहीतरी बोलले असतील ना रे ते? तुझ्या बाबांनी तुला सांगितलंच असेल. तू समोर होतास. कसं म्हणाले होते ते, अगदी त्यांच्या शब्दांत सांग."

बाबांनीही दंडातून तोंड काढून त्याच्याकडे पाहिलं. जगात आता ते शब्द दोघांकडेच असायला हवे होते, आणि त्यातल्या एकाची वाचा गेली होती.

"काकू," कातऱ्या म्हणाला, "मी पट्ट्या बघत होतो."