होसकोट्यात सातशे कुठून आणू?

बातमीदाराकडे दोन प्रकारच्या गोष्टी साठतात. काही छापून आल्या म्हणून विसरलेल्या, आणि काही संपादकानं "याला वाचक कुठला?" म्हणून परत केलेल्या. दुसऱ्या जास्त टिकतात! माझ्याकडच्या अशा परत आलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या, वसंतअण्णांच्या.

अण्णा शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात व्हॅक्यूम पंप तपासतात. वीजकेंद्रात टर्बाइन फिरवून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते, तिचं पाणी होतं. तिथे बाहेरची हवा शिरली की आतला व्हॅक्यूम, म्हणजे निर्वातपणा, कमी होतो आणि वीज कमी बनते. ती हवा सतत बाहेर ओढत राहायचं, हे या पंपाचं काम. आणि पंप ते नीट करतो की नाही हे आधीच बघून ठेवायचं, हे अण्णांचं.

यात न कळण्यासारखं काय आहे? पण संपादक म्हणाले, "मॅडम, कंडेन्सर कुणाला कळणार?"

मी म्हटलं, "ज्याला विजेचं बिल येतं त्याला कळलं पाहिजे!"

बातमी आली नाही ती नाहीच. तर आता तुम्ही ऐका.

*

समुद्रकाठच्या एका वीजकेंद्राचे इन्स्पेक्टर पंप बघायला आले. पंप सुरू झाला, व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजचा काटा सहाशे चाळीसला जाऊन थांबला.

"सातशे पाहिजे," इन्स्पेक्टर म्हणाले. "आमच्याकडे सातशेच्या पुढे जातो."

अण्णांनी समजावलं. बेंगळुरू उंचावर आहे, इथली हवा विरळ. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या भाषेत सातशे साठ मिलिमीटर, इथे जेमतेम सहाशे नव्वद. "सर, आहे ती सगळी हवा काढली तरी काटा सहाशे नव्वदच्या पुढे जायचा नाही. सातशे कुठून आणू?"

"उंचीचं मला सांगू नका. स्पेसिफिकेशनमध्ये सातशे लिहिलंय."

"सरी," अण्णा म्हणाले. रागावले की ते कानडीत होकार देतात. "मग होसकोटे खाली उतरवायची ऑर्डर काढा सर. आम्ही पंपासकट येतो!"

पंप नापास.

*

हसू नका, यातून भलतंच निघालं. मॅनेजमेंटला वाटलं, टेस्ट बेडच, म्हणजे पंप तपासायचा अख्खा चौथराच, उचलून समुद्रकाठच्या शाखेत न्यावा. तिथे काटा आपोआप पुढे जाईल. पंप तोच, अण्णा तेच, फक्त दोघांनी तिथे जाऊन घाम गाळायचा! मी तर लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी असं ठरलं की पुढच्या मोठ्या ऑर्डरची टेस्ट होसकोट्यात पास झाली तर बेड इथेच राहील. नाही तर ट्रकवर.

अण्णांनी घरी सांगितलं. उषावहिनी दोसा उलटत होत्या.

"मी बनशंकरी सोडून कुठेही येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. डबा कुरियरनं पाठवीन."

तीस वर्षांत पहिल्यांदाच अण्णांनी तिसरा दोसा नको म्हटलं, तेव्हा वहिनींनासुद्धा प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

*

अण्णांच्या हाताखाली निपाणीचा पाटील आहे. वीजकेंद्रांवर जायचं काम त्याचं. एका ठिकाणाहून तक्रार आली की पंप कुचकामी आहे, व्हॅक्यूम धरत नाही. पाटील गेला, पंप बघितला, आणि बाजारातून दाढीच्या फेसाचे डबे घेऊन आला. कंडेन्सरच्या एकेका जोडावर फेस लावत सुटला.

तिथले मॅनेजर धावत आले. "हे काय चाललंय?"

"दाढी, साहेब."

"कुणाची?"

"तुमच्या कंडेन्सरची की वो! पंप बरा हाय. हवा कुठनं आत शिरतीया तेवढं बघायलोय."

एका जोडावरचा फेस बघता बघता आत ओढला गेला. चोर तिथे होता! जोड आवळला, व्हॅक्यूम वर चढला.

निघताना पाटलानं उरलेला डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. "घ्या साहेब. चार दिवस टेन्शनमध्ये तुमचीबी राहिलीया."

*

आता कारखान्यातल्याच शहाण्यांचं. एप्रिल महिना. चांगला चाललेला पंप अचानक हवा ओढेना. अण्णांनी सगळं तपासलं, शेवटी पंपात जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. या पंपाला आत थंड पाणी लागतं. पाणी गरम असलं की व्हॅक्यूममध्ये त्याचीच वाफ होते, आणि पंप हवा सोडून ती वाफ ओढत बसतो.

कळलं ते असं, की कारखान्याला पर्यावरणाचं बक्षीस हवं होतं म्हणून कुणीतरी छतावरच्या सोलरच्या पाण्याची लाइन टेस्ट बेडला जोडून दिली होती! अण्णांना न विचारता!

फॅसिलिटीच्या, म्हणजे कारखान्याचं पाणी-वीज बघणाऱ्या, साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "पण गरम पाण्यानं पंप आतून स्वच्छ राहील ना?"

"राहील," अण्णा म्हणाले. "पण त्याला आंघोळ घालून स्थळ बघायला न्यायचं नाहीये!"

बक्षीस मिळालंच. त्या समारंभाची बातमी मात्र आमच्या पेपरात फोटोसकट आली. कंडेन्सर कुणाला कळत नाही म्हणे!

*

उषावहिनींच्या बहिणीनं मंगळूरहून केळ्याचे चिप्स पाठवले. पाकिटं इथे पोचली ती टम्म फुगलेली.

"नासले वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"नासले नाहीत. पाकिटात समुद्रकाठची जाड हवा बंद आहे. इथली बाहेरची हवा विरळ. म्हणून आतली हवा पोट पुढे काढून बसलीय."

वहिनींनी पाकिटाकडे पाहिलं, मग अण्णांच्या शर्टाच्या बटणांकडे. "म्हणजे इथे आल्यावर सगळ्यांचंच असं होतं!"

अण्णांनी त्यातलं एक पाकीट टेस्ट बेडजवळ खिळ्याला टांगलं. येणाऱ्या इन्स्पेक्टरांना हवेचा फरक दाखवायला. आतापर्यंत कुणालाही पटलेलं नाही. एकानं मात्र विचारलं, "मसाला आहे की साधे?"

*

आणि मग ती मोठी ऑर्डर आली. तिचे साहेब पुन्हा समुद्रकाठचेच, आणि आधीच बजावून आलेले, "तुमचं गेज नको. आमच्या केंद्रातून आमचं गेज आणू, आमच्या सीलसकट."

मी त्या दिवशी पाहुणी म्हणून गेले होते. अण्णांची अट एकच. "अक्का, तोंड उघडायचं नाही. माझा बेड जाईल." मी कबूल केलं. माझ्या घरच्यांना हे अजून खरं वाटत नाही.

अण्णांनी सकाळीच पाऱ्याच्या नळीवर पंपाचं खरं माप काढून रिपोर्टात लिहिलं होतं. पंप उत्तम होता. साहेबांनी ते पान वाचायच्या आतच उलटलं. पेटी उघडली. आत ग्लिसरीन भरलेलं नवं कोरं गेज, चारी बाजूंनी घट्ट बंद. डोक्यावर हवेसाठी छोटं रबरी बूच, आणि बुचावर लाखेचं सील. त्यांच्या गावी केलेलं.

गेज बसवलं. पंप अजून बंद होता. मी काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर नव्हता. सत्तरावर होता, सातशे साठातून सहाशे नव्वद गेले की उरतात तेवढ्यावर.

अण्णांनीही पाहिलं. "सर, स्वल्प थांबा. हे बूच एकदा उघडून आत अडकलेली तुमच्याकडची हवा सोडली तर..."

"सीलला हात लावायचा नाही!"

"सर, पण पंप सुरू नसताना काटा..."

"मिस्टर, तुमच्या या सबबी मी ऐकून आहे. पंप सुरू करा!"

"सरी," अण्णा म्हणाले.

पंप घुमू लागला. काटा सरकत सरकत सहाशेवर गेला. साडेसहाशे. सहाशे नव्वदवर पाटलानं डोळे मिटले. काटा सातशे ओलांडून सातशे दहावर जाऊन थांबला. होसकोट्यात!

साहेबांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. "बघितलंत? म्हणे उंची! प्रामाणिक गेज लावलं की सातशे येतात."

माझं तोंड उघडलं. खरं सांगते, शब्द दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात अण्णांनी खिळ्यावरचं चिप्सचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"फोडू नका हं अक्का एवढ्यात," ते हळूच म्हणाले. "साहेबांची सही होऊ दे."