जिन्याखाली कोण बसणार

माझी धाकटी बहीण वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवते. तिच्यासारखा हात कुणाचा नाही, आणि तिला सुईत दोरा ओवायला मी शिकवलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

जुनी पुस्तकं घरी कशी दुरुस्त करायची, हे ती रविवारी लोकांना शिकवणार होती. दारातल्या फळ्यावर तसं लिहिलंही होतं. पण शनिवारी ती तोंड पाडून घरी आली. ग्रंथपालांनी सभागृह कुणा पाहुण्याच्या भाषणाला दिलं होतं आणि हिला म्हणाले होते, "तुम्ही जिन्याखाली बसा."

जिन्याखाली उजेडाचा पत्ता नाही. तिथे टाका दिसणार कसा? माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन तसाच वाचनालयात गेलो.

"दादा, भांडू नकोस हं."

"मी कशाला भांडतोय? फक्त बोलणार."

बोललो, तर सगळ्यांनी पेपरातून डोकी वर काढली. "साहेब, भाषण अंधारातही ऐकू येतं! पाहुण्यांना बसवा जिन्याखाली!"

"हळू बोला, हे वाचनालय आहे."

"मग भाषणं कशाला ठेवता?"

ग्रंथपाल लालबुंद झाले. तेवढ्यात धाकटीच पुढे झाली. "साहेब, पेपरांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल द्या. नाहीतर फळ्यावरचं माझं नाव पुसा."

त्यांनी मुकाट्याने टेबल दिलं. बाहेर आल्यावर ती माझ्यावरच भडकली, "आणि उद्या तू घरीच थांबायचंस!"

थांबतोय थोडाच! पहिल्या रांगेत बसलो.