काळी फळं आणि पालापाचोरा नाना

नानांना 'माहीत नाही' हे दोन शब्द येतच नसत. कुठल्याही झाडाचं पान पुढे धरा, नाना ते बोटांत चुरडत, नाकाशी नेत, डोळे मिटत आणि नाव सांगून मोकळे होत. मूळचे पाचोऱ्याचे, त्यात हा पानांचा नाद. म्हणून जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीने त्यांना 'पालापाचोरा नाना' केलं होतं. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, पण नव्या माणसाला स्वतःची ओळख ते याच नावाने करून देत.

शेजारच्या सुनेने एकदा मोबाइलवर फोटो काढून एका वेलीचं नाव शोधलं, तर नाना भडकले. "त्या डबड्याला नाक आहे का?" बिचारीने मुकाट्याने मोबाइल पर्समध्ये टाकला. त्या वेलीला कॉलनी अजून नानांनी दिलेल्या नावानेच ओळखते. ते खरं की खोटं, देव जाणे.

माणूस मात्र मायेचा, हे मी आजही नाकारत नाही. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा नाना रोज दुपारी यायचे. सावद्याहून त्यांचा भाचा केळी पाठवायचा, त्यातलं पिकलेलं एक आठवणीने आणायचे. "अक्का, आज पेपरात काय गंमत आली आहे माहितीये का?" म्हणत खाटेशी बसून वाचून दाखवायचे. आई ऐकायची, पण केळ्याला तोंड लावत नसे. तिची अन्नावरची वासनाच उडाली होती.

त्या पावसाळ्यात धुण्याच्या दगडापाशी एक रोप आपसूक उगवलं. मिरचीसारखी पांढरी फुलं, मग हिरव्या फळांचे घोस, मग काळीभोर, मण्यांएवढी फळं. ओसरीवरच्या खाटेवरून ते आईला दिसायचं. एक दिवस ती म्हणाली, "माले दोन दाना दे वं माय. हिरवा नही, काया व्हयनात त्याच दे."

कित्येक दिवसांनी तिने स्वतःहून काही मागितलं होतं! मला कोण आनंद झाला. पण फळ विषारी निघालं तर? मी नानांना हाक मारली. त्यांनी पान चुरडलं, हुंगलं. मग दुसरं चुरडलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"धोतऱ्याच्या घराण्यातलं आहे हे. विषारी. मुळासकट उपट."

"काही नही व्हस नाना," आई म्हणाली. "आम्ही लहानपने खादेल शेतस."

"अक्का, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

ती वेगळी कशी, हे मी विचारलं नाही. उलट आईवरच खेकसले, "नानांपेक्षा तुला जास्त कळतं का?" आणि रोप उपटून टाकलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तिने काहीच मागितलं नाही. पंधरा दिवसांत ती गेली.

पुढच्या वर्षी धुळ्याला मावसबहिणीकडे गेले. अंगणात तेच रोप, आणि तिच्या सासूबाई काळी फळं वेचून मजेत तोंडात टाकत होत्या. "कामोनी शे ही," त्यांनी ओंजळ पुढे केली. "पिकेल शे, घे ना." मला हात पुढे करवेना.

जळगावला परतले ती थेट नानांच्या दारात. सगळं सांगितलं. नाना पायांकडे पाहत म्हणाले,

"मला माहीत नव्हतं."

"मग तसं म्हणायचं होतंत, नाना!"

"अक्कांसमोर... तुझ्यासमोर... एकदा तसं म्हटलं, की पालापाचोरा नानाला हाक कोण मारणार गं?"

मी निघून आले. त्यांना मी कधी माफ केलं नाही. ते फाटकापाशी रेंगाळत, मी आत निघून जाई. दोन वर्षांनी नाना मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हाही मी बाहेर आले नाही.

यंदा दगडापाशी कामोनी पुन्हा उगवली. परवा दोन काळी फळं तोडून खाल्ली. गोडसर लागली. नानांचा राग येईल असं वाटलं होतं. पण आठवलं ते एवढंच, की त्यांनी निदान पान तरी दोनदा हुंगलं. आईला मी त्या फळाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.