कोरड्यावरचं इंजिन, बालदीभर पाणी

टक्! एकच आवाज आला आणि स्टार्टर जागच्या जागी अडकला. पुंडलीकचा हात परत किल्लीकडे गेला. मी शिडीवरूनच ओरडलो, "हात काढ! किल्लीक हात लावलस तर तंगडा मोडीन!"

भटजी दचकून मागे सरले. नुकताच नारळ फुटला होता. इंजिनाला कुंकू लागलं होतं, झेंडूची माळ घातली होती. मुहूर्तावर इंजिन सुरू करायचं म्हणून मी यायच्या आधीच सगळी तयारी झाली होती.

मी उमाकांत, गोव्यातल्या मयेचा. तीस वर्षं नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होतो. खाणी बंद झाल्या, बार्ज गंजत पडल्या, तेव्हापासून डिचोलीपासून पेडण्यापर्यंत लहान बोटींची इंजिनं बघतो. पुंडलीक हरमलचा. बारा वर्षं परदेशी जहाजाच्या किचनमध्ये होता. गेल्या वर्षी घरी आला आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला ही जुनी बोट घेतली. पावसाळाभर ती खाडीकाठी, नारळाच्या बागेत लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. त्या दिवशी बोट तपासणारा सरकारी सर्वेअर येणार होता. त्याला तळ कोरडा बघायचा होता आणि इंजिन चालू बघायचं होतं, दोन्ही एकाच फेरीत. तो पास करेल तरच बोट पाण्यात. नापास झाली तर त्याची पुढची फेरी कधी, देव जाणे. तोवर सीझन संपला असता. जहाजाच्या एजंटचे फोन चालूच होते, संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. बोट नाही तर पुंडलीक परत नऊ महिन्यांसाठी जहाजावर.

मी इंजिनाचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. विहिरीच्या पंपाचा पाइप थेट इंजिनाच्या पाण्याच्या तोंडाला जोडला होता, वर क्लिप घट्ट आवळलेली. पंप फुल्ल चालू.

"पंप बंद करा आधी! कधी लावलो हो?"

पुंडलीकची बायको प्रतिभा पळत जाऊन बटण बंद करून आली. "पूजा सुरू झाली तेवा. वीस मिनिटां झाली असतली."

"कोणी सांगितला?"

"तुमीच, दादा! काल फोनार सांगितलात ना, आदी पाणी, मगे इंजिन?"

शिव्या द्यायला उघडलेलं तोंड मी मिटलं. वहिनी अगदी खरं बोलत होत्या. बार्जवर तीस वर्षं मी प्रत्येक नव्या माणसाला हेच शिकवलं. आधी पाण्याचा व्हॉल्व उघड, मगच इंजिनला हात लाव. फोनवर सवयीने तेच बोलून गेलो. बोट पाण्यात असते तेव्हा हा नियम सोन्यासारखा. जमिनीवर मात्र तोच नियम इंजिन मारतो.

कसं ते सांगतो. हे इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं. पाणी ओढतो तो रबराच्या पाकळ्यांचा छोटा पंप, त्याला इम्पेलर म्हणतात. तो कोरडा फिरला तर मिनिटभरात रबराची राख. म्हणून पाणी हवंच. पण इंजिन फिरतं तेव्हा गरजेपुरतंच पाणी ओढलं जातं, आणि सायलेन्सरमधून धुराच्या जोराने बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असेल तर धूर कुठला? विहिरीचा पंप पाणी ढकलत राहतो. सायलेन्सर भरतो. मग पाणी उलटं चढतं आणि सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टन हवा दाबतो, पाणी दाबलं जात नाही. म्हणून ते टक्. पुंडलीकने दुसऱ्यांदा किल्ली फिरवली असती तर आतला दांडा वाकला असता आणि बोटीचं तिथेच तेरावं झालं असतं.

"दादा, गेला काय इंजिन?" पुंडलीकने विचारलं.

"गेला की नाय ता मी सांगतलंय. तू सतरा नंबरचो पाना दी."

तेव्हा साडेदहा झाले होते, सर्वेअर बाराला येणार होता. भटजींना नमस्कार करून निरोप दिला. सायलेन्सरचा खालचा बोल्ट काढला तर धबाधबा पाणी आलं. मग चारही नोझल काढले. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग. ते काढले की आत अडकलेल्या पाण्याला वर यायला वाट मिळते. पुढच्या पुलीला पाना लावून मी इंजिन हाताने फिरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी उडाली, थेट पुंडलीकच्या सोवळ्यावर. मी पाना फिरवत राहिलो. कुठे अडतंय का, कुठे करकरतंय का? दोन पूर्ण फेरे झाले. लोण्यासारखं फिरलं. मग ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी गेलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ होतं.

"देवा सायबा!" मी मोठ्याने म्हटलं. "वहिनी, इंजिन जिता आसा!"

वहिनी तिथेच नारळाच्या मुळाशी बसल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता नीट सांगा काय करूचा ता. अर्धा नको."

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. सवाअकरा! उभ्या जन्मात वेळेआधी आलेला साहेब मी पाहिला नव्हता, तो नेमका त्या दिवशी यावा?

वहिनी उठल्या. "तुमी काम करा. साहेबाक मी बघतंय." त्यांनी साहेबांना आधी पाव आणि पातळभाजी खाऊ घातली. मग तळ दाखवला, बोट ढकलणारा मागचा पंखा दाखवला, लाइफ जॅकेटं एकेक करून मोजायला लावली. इकडे मी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, स्टार्टर मारून उरलेलं पाणी उडवलं, सायलेन्सरचा बोल्ट आणि नोझल बसवले, डिझेलमधली हवा काढली. ऑइलही बदललं, उगाच विषाची परीक्षा नको.

मग विहिरीचा पाइप इंजिनापासून सोडवला. इंजिनाच्या तोंडाला दुसरा पाइप लावला आणि त्याचं टोक भरलेल्या बालदीत बुडवलं. विहिरीचा पाइप बालदीत नुसता सोडला आणि पंप लावला. आता इंजिनला हवं तेवढं ते स्वतः पिणार, जास्तीचं बालदीवरून सांडणार.

"वहिनी, बालदी रिकामी होता नये. पाणी खाली गेला तर बोंब मारा. इंजिन बंद झाला की लगेच पंप बंद."

"उलटा नाय ना करूचा कायच?"

"नाय गो बाय, नाय!"

साहेब वर चढले. मी पुंडलीकला मान हलवली. त्याने डोळे मिटून किल्ली फिरवली. घर्र... घर्र... आणि धडाड! काळा धूर, मग पांढरा, मग मागच्या भोकातून खळखळ पाणी. बालदीतलं पाणी झरझर खाली जात होतं, वहिनी पाइपाच्या जोडीला कळशीने ते भरत होत्या आणि हसत होत्या. तो आवाज मी हजारदा ऐकलाय. त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला.

साहेबांनी दहा मिनिटं गेजचे काटे बघितले. मग म्हणाले, "गिअर टाकून दाखवा."

"नाही टाकणार, साहेब."

पुंडलीकने मागून माझा शर्ट ओढला.

"का?"

"पंख्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश रबरी आहे. त्याला समुद्राचं पाणीच वंगण. कोरड्यावर फिरवला तर जळेल. गिअर पाण्यात उतरवल्यावर दाखवतो."

साहेबांनी वही उघडली. "सकाळपासून तीन बोटी पाहिल्या. तिघांनीही गिअर टाकून दाखवला." त्यांनी पेन काढलं. "गिअर उद्या भरतीला पाण्यात बघेन. बाकी पास."

दुसऱ्या दिवशी बोट खाडीत उतरली. गिअर पडला, बोट सरळ खाडीच्या तोंडाशी जाऊन वळून आली, साहेबांनी सही केली. एजंटला द्यायचं उत्तर पुंडलीकने आदल्या दुपारीच, साहेब पास म्हणाल्याबरोबर, दिलं होतं. बायकोच्या समोर, स्पीकर चालू करून. "ना, सर. आता मी हंयच आसंय."

वहिनींनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तो नंबरच पुसून टाकला.

एवढ्या वर्षांनी मला एक अक्कल आली. माणसं आपलं ऐकत नाहीत म्हणून आपण चिडतो. खरा घोटाळा होतो तो ती शब्दशः ऐकतात तेव्हा. आता मी फोनवर काही सांगण्याआधी विचारतो, बोट पाण्यात आहे की जमिनीवर?