थर खराब, तीन वेळा

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे आठवाल्या बाई म्हणत. पेन्सिलच्या टोकाएवढा कार्बनचा इलेक्ट्रोड ओल्या फडक्यावर घासताना त्या इंग्रजी आठाचा आकडा गिरवत. मोजून शंभर वेळा. मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मग त्यावर बिस्मथ या धातूचा थर चढवायचा, इतका पातळ की नुसती करडी झाक दिसावी. पाण्यात शिसं कणभर जरी असलं तरी हा थर ते पकडतो आणि आलेखावर टेकाड उभं राहतं. पाणी स्वच्छ असेल तर रेघ सपाट. म्हणून नवा थर आधी स्वच्छ पाण्यात तपासायचा, ही आमची रीत.

मी त्यांचा साहेब. पदवीनं मोठा, वयानं लहान आणि तोंडानं फटकळ.

एकदा शुद्ध पाण्याचं यंत्र आठवडाभर बंद पडलं. मला अहवालाची घाई. बाईंनी नवा थर तपासला, तर टेकाड.

"सर, पाणी घरून आणलंय. उकळून, गाळून."

"मग पाण्याला काय धाड भरलीय? थर खराब आहे. टाका, दुसरा करा."

दुसऱ्यालाही टेकाड. तिसऱ्यालाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, हात थरथरायला लागला तुमचा. वय झालं आता."

त्यांनी प्रयोगांच्या वहीत तीनदा लिहिलं, 'थर खराब, टाकला.' खाली मी तीनदा सही ठोकली. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःहून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. मला तेव्हा हायसं वाटलं, ते आज सांगायलाही लाज वाटते.

दीड वर्षानं त्या रजेचा अर्ज घेऊन आल्या; स्टोअरच्या रजाही माझ्याच सहीनं मंजूर होत. सात वर्षांच्या नातीचं पोट सारखं दुखायचं, पाठ केलेलं विसरायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. घरातला नळाचा पाइप जुना, शिशाचा. अर्जावर सही करता करता मला ती तीन टेकाडं आणि घरून आणलेलं पाणी आठवलं. पाणी उकळून शिसं जात नाही, एवढंसुद्धा मला त्या दिवशी सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी प्रयोगांची ती वही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. नात आजीला टेकून सातचा पाढा म्हणत होती आणि मध्येच अडकत होती.

"बाई, तुमचे तिन्ही थर चांगले होते. चुकलो मी."

त्यांनी वही जवळ ओढून ते पान काढलं. "मला वाटलं होतं हो सर, पाणीच एकदा बघावं. पण तुम्ही म्हणालात हात थरथरतो, आणि मला ते पटलं."

मग त्यांनी पेन घेऊन तिन्ही ओळींवर काट मारली. शेजारी लिहिलं, 'थर चांगला. पाण्यात शिसं.' हात जराही हलला नाही.

"सही करा, सर. तारीख आजचीच घाला."

मी सही केली. नात पुन्हा अडकली आणि पहिल्यापासून पाढा म्हणू लागली.